चित्रगुप्ताची वही

मंडळी, आपल्यात कुणी भाड्याने द्यायला घर घेतलं अशी बातमी फुटली की पहिला प्रश्न ठरलेला: "महिन्याला किती सुटतात?" घर कुठे आहे, किती जुनं आहे, छपराची काय अवस्था आहे हे कुणीही विचारत नाही. मीही गेली बारा-तेरा वर्षं या प्रश्नाला एकच खरं उत्तर देत आलो आहे आणि त्यामुळे पॉटलकमध्ये बरेच लोक माझ्या शेजारी बसायचं टाळतात. ते उत्तर असं होतं, की पहिल्या वर्षी आम्हाला महिन्याला पंचेचाळीस डॉलर सुटत होते.

संपादकांनी "सोप्या भाषेत काहीतरी आर्थिक लिहा" असा आग्रह धरला तेव्हा हे पंचेचाळीस डॉलर कुठून आले तेच सांगावं असं ठरवलं. मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. २००३ साली एम.एस. करायला ओहायोत आलो आणि इथेच मुरलो. शेअर बाजारातलं मला फार कळत नाही. पण जुन्या सिस्टिम्स कधी बंद पडणार याचा अंदाज बांधायचे लोक मला पैसे देतात, आणि जुनं घर म्हणजे तरी दुसरं काय?

२०१२ साली कोलंबसच्या उत्तर भागात आम्ही १९६२ चं एक डुप्लेक्स घेतलं. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, दोन फर्नेस, दोन एसी, दोन वॉटर हीटर. किंमत १,१२,००० डॉलर, त्यातले २८,००० आम्ही भरले, बाकीचं कर्ज साडेचार टक्क्यांनी. दोन्ही बाजूंचं मिळून भाडं १,३००. कर्जाचा हप्ता ४२५, प्रॉपर्टी टॅक्स २६५, विमा ७०, पाणी-कचरा-गवत वगैरे ९०. उरले ४५०. इथपर्यंतचा हिशोब आपल्याकडचा प्रत्येक जण तोंडपाठ म्हणून दाखवतो, आणि इथेच थांबतो. साडेचारशे सुटले!

मी त्या वेळी एक स्प्रेडशीट केली. घरातली प्रत्येक मोठी वस्तू, ती कधी बसवली, तिचं आयुष्य किती, आणि आज बदलायची म्हटली तर खर्च किती. छपराला १२,००० लागतील आणि डांबरी शिंगल्सचं छप्पर साधारण पंचवीस वर्षं टिकतं. म्हणजे छप्पर दर वर्षी ४८० डॉलर खातं, मग पाऊस पडो न पडो. दोन फर्नेस मिळून ८,०००, आयुष्य अठरा वर्षं, वर्षाचे ४४५. वॉटर हीटर दहा वर्षांचे सोबती. दोघांचे मिळून वर्षाला २४०. मग एसी, खिडक्या, स्वयंपाकघरं, गालिचे, फ्रिज, ड्राइव्हवे. रस्त्यापर्यंत जाणारा सांडपाण्याचा पाईपसुद्धा त्यात घातला, कारण त्या काळच्या घरांना भाजक्या मातीचे पाईप असतात आणि त्यांच्या सांध्यांतून झाडांची मुळं आत शिरतात. सगळ्याची बेरीज वर्षाला ३,५७५. म्हणजे महिन्याला तीनशे.

ती शीट बघून आमच्या सौ. म्हणाल्या, "ही तर चित्रगुप्ताची वही! कोण कधी जाणार ते सगळं आधीच लिहून ठेवलंय." तेव्हापासून घरात तिला तेच नाव आहे.

आता यात एक बारीक मेख आहे. छप्पर १९९९ साली घातलेलं होतं. म्हणजे आम्ही घर घेतलं तेव्हा त्याची तेरा वर्षं सरली होती, आणि त्या तेरा वर्षांचे ६,२४० डॉलर आधीच्या मालकाने कुठे बाजूला ठेवले असतील तर ते त्याच्याच खिशात गेले. सगळ्या वस्तूंची अशी मागील बाकी काढली तर ती १८,००० च्या घरात गेली. ही बाकी विक्रीच्या कागदपत्रात कुठेही लिहिलेली नसते, पण किल्ली हातात पडताच ती तुमच्या नावावर होते. आम्ही ती वही विकणाऱ्याच्या एजंटपुढे ठेवली आणि ७,००० कमी करून घेतले. वरचे ८,००० घरातून घालून वेगळं बचत खातं उघडलं, आणि उरलेल्या बाकीसाठी महिन्याला पन्नास जास्त. असे साडेतीनशे. राहिले शंभर. त्यातून वर्षातला एखादा महिना एक बाजू रिकामी राहते, ते धरून पंचेचाळीस.

अर्थात कर्जातली मुद्दल दर महिन्याला थोडी थोडी फिटत होती, आणि पुढे घराची किंमतही वाढली, ती काही मी नाकारत नाही. पण मुद्दल फिटली म्हणून प्लंबरचं बिल देता येत नाही.

इथे बरेच जण एक ठोकताळा सांगतात, की घराच्या किमतीच्या एक टक्का दर वर्षी बाजूला काढा. ऐकायला छान आहे. पण माझा एक मित्र कॅलिफोर्नियात आहे. त्याचं घर आमच्या डुप्लेक्सच्या सातपट किमतीचं आणि आकाराने लहान. त्याचा वॉटर हीटर काही सातपट महाग नसतो. त्याने पैसे मोजले आहेत ते मुख्यतः जमिनीचे, आणि जमिनीला गळती लागत नाही. उलट आमच्याकडे ओहायोत घरं स्वस्त, हिवाळा कडक, आणि एक टक्का काढला तर १,१२० डॉलर. त्यात माझी नुसती छप्पर, फर्नेस आणि वॉटर हीटर एवढीच मंडळी जेमतेम पोसली जातात. भाड्याच्या दहा टक्क्यांचा नियमही तसाच. फर्नेसला आपला झिप कोड ठाऊक नसतो, आणि भाडंही.

टक्केवारीवरचा हा राग मात्र माझा स्वतःचा नव्हे, तो वडिलोपार्जित आहे. माझे बाबा डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीचे खजिनदार होते. चोवीस बिऱ्हाडं, चार मजले, १९८१ चं बांधकाम. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडाची तरतूद आहे: बांधकामखर्चाच्या, जमीन वगळून, किमान पाव टक्का दर वर्षी. दुरुस्ती निधी वेगळा, किमान पाऊण टक्का. कायदा चांगलाच आहे. पण आमच्या फ्लॅटचा बांधकामखर्च होता सत्तर हजार. पाव टक्का म्हणजे वर्षाला १७५ रुपये. १९८१ साली १७५, १९९१ साली १७५, आणि २००१ सालीही १७५! सिमेंटची गोणी कुठल्या कुठे गेली तरी पाव टक्का तिथेच बसलेला. बाबांनी हे १९९२ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत फळ्यावर गणित मांडून दाखवलं आणि दर बिऱ्हाडामागे महिना पन्नास रुपये करा म्हणाले. "किमान" या शब्दाचा अर्थ तेवढाच असा नाही, हे त्यांचं म्हणणं.

सभेत काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिल्या मजल्यावरच्यांनी विचारलं, गच्ची गळली तर आमचं काय जातं? कुणी म्हणालं, पैसे बँकेत सडवण्यापेक्षा जिन्याला फरशी लावा, पाहुण्यांना दिसेल तरी. ठराव दोन मतांनी मंजूर झाला आणि पुढची कित्येक वर्षं बाबांना सोसायटीत "पन्नाशीवाले" असं नाव पडलं. गणपतीच्या वर्गणीला गेले तरी लोक दार अर्धं उघडून "आता कसले पन्नास?" असं विचारत. त्यांना ते लागत असे. घरी येऊन चष्मा पुसत बसत. पण दर वर्षी कुणीतरी तो फंड मोडायचा विषय काढी, आणि दर वर्षी बाबा एकच वाक्य बोलत: "हा पैसा आपला नाही, गच्चीचा आहे."

२००५ च्या २६ जुलैच्या पावसाने जे व्हायचं ते केलं. चौथ्या मजल्यावरच्या चारही घरांत छतातून पाणी, आणि दोन खांबांचं प्लॅस्टर सुटून आतले गंजलेले गज उघडे पडले. तोपर्यंत पन्नास पन्नास रुपयांचे, मुदत ठेवीच्या व्याजासकट, चार लाखांच्या आसपास झाले होते. दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि पुढच्या पावसाळ्याआधी संपलं. कुणाकडेही एक रुपया मागावा लागला नाही. समोरच्या सोसायटीत मात्र वर्गणी किती आणि कुणी द्यायची यावरून तीन वर्षं भांडणं चालली, आणि तेवढा काळ त्यांचा जिना बांबूच्या टेकूंवर उभा होता. मी तेव्हा इथे होतो. बाबांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, की गच्ची झाली. पहिल्या मजल्यावरच्यांनी पेढे आणून दिले होते, हे आईकडून कळलं.

बाबांना तरी हे कुठून सुचलं? मला वाटतं, कोकणातल्या घरावरून. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही राजापूरजवळच्या गावी जायचो तेव्हा कौलं चाळायचं काम चालू असे. फुटकी काढायची, चांगली परत बसवायची. आणि पडवीच्या मागे शे-दोनशे कौलं कायम रचून ठेवलेली असत. आजोबा त्यांना हात लावू देत नसत, अगदी आमच्या लगोरीसाठीसुद्धा. घरात रोख पैसा जेमतेम, पण कौलांची बेगमी पक्की. रिझर्व्ह या शब्दाला इतका नेमका मराठी शब्द असताना आपण तो फक्त पापड-कुरडयांसाठी वापरतो.

असो. वही वहीच्या जागी. तिचा उपयोग झाला तो २०१९ च्या जानेवारीत. तो पोलर व्होर्टेक्सचा आठवडा तुम्हालाही आठवत असेल. २९ तारखेच्या रात्री नऊ वाजता डावीकडच्या भाडेकरूचा फोन आला. भूतानमधून परागंदा होऊन नेपाळच्या छावणीत वाढलेलं आणि तिथून कोलंबसला आलेलं कुटुंब, अशी हजारो कुटुंबं आपल्या शहरात आहेत. तो मला "दाइ" म्हणतो. "दाइ, फर्नेस थंड पड्यो," एवढंच बोलला. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि ऐंशीच्या आजी. बाहेर पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली निघालेला. मी दोन इलेक्ट्रिक हीटर घेऊन गेलो, नळ बारीक धारेने सोडून ठेवले, आणि आजींना आणि मुलांना आमच्या घरी आणलं. सौ.नी वरण-भात-तूप वाढलं. आजी इतका वेळ गप्प होत्या, ताट बघून "दालभात" म्हणाल्या आणि व्यवस्थित जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्नेसवाला आला. हीट एक्स्चेंजरला तडा, म्हणजे घरात कार्बन मोनॉक्साइड शिरण्याचा धोका. त्याने गॅस बंद केला आणि लाल चिठ्ठी लावली. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. वहीप्रमाणे ते फर्नेस तीन वर्षांपूर्वीच वारायला हवं होतं. पर्याय दोन: साधं ३,१०० ला, किंवा कमी गॅस खाणारं ४,३०० ला. गॅसचं बिल भाडेकरू भरतो. म्हणजे जास्तीचे बाराशे माझे, बचत त्यांची. खात्यात त्या दिवशी १९,००० च्या आसपास होते, म्हणून मी दारात उभ्या उभ्या "चांगलं बसवा" म्हणू शकलो. संध्याकाळी सहाला घर गरम. तेच क्रेडिट कार्डावर काढावं लागलं असतं तर मीही स्वस्तातलंच मागितलं असतं, त्यात मला शंका नाही.

ओहायोच्या कायद्याने हीटिंग सुरक्षित आणि चालू ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्याने ती पाळली नाही तर लेखी नोटीस देऊन, ठरावीक मुदतीनंतर भाडेकरूला भाडं कोर्टाच्या क्लार्ककडे भरता येतं. हे आपल्यातल्या किती घरमालकांना माहीत आहे? पण त्या रात्री मला कायदा आठवला नव्हता, आजींचे पाय आठवत होते. मोज्यांवर मोजे, तीन जोड.

थोडं टॅक्सचं. बाजूला ठेवलेल्या पैशावर वजावट मिळत नाही. तो खर्च होईल तेव्हा मिळते. पण घसारा मात्र दर वर्षी मिळतो. राहत्या भाड्याच्या इमारतीचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत विभागतात. आमची जमीन वगळून इमारत ९०,००० ची, म्हणून वर्षाला ३,२७३. आणि वहीतली खरी झीज ३,५७५! हा योगायोगच, पण मला तो बोलका वाटतो. घसाऱ्यामुळे जो कर वाचतो तो "रिफंड आला" म्हणून कॅनकूनला जातो, आणि झीज मात्र घरातच राहते. शिवाय घर विकताना या घसाऱ्यावर पंचवीस टक्क्यांपर्यंत कर परत मोजावा लागतो. गळका नळ बदलला तर दुरुस्ती, त्याच वर्षी वजा. आख्खं छप्पर बदललं तर सुधारणा, आणि पुन्हा साडेसत्तावीस वर्षांचा घसारा. मधल्या वस्तूंसाठी, म्हणजे वॉटर हीटरसारख्या, दर बिलामागे किंवा वस्तूमागे अडीच हजारांपर्यंतची सवलत २०१६ पासून आहे. रिटर्नबरोबर तसं निवेदन दर वर्षी जोडावं लागतं. पुढचं आपापल्या सीपीएला विचारा, मी नव्हे.

पैसे कुठे ठेवायचे? बचत खात्यात. २०२१ मध्ये आमच्या एका मित्राने घराची गंगाजळी क्रिप्टोत घातली होती. ती वाढली तेव्हा त्याने मला तीन वेळा फोन केला, नंतर केला नाही.

ज्यांच्याकडे कॉन्डो आहे ते म्हणतील, छप्पर असोसिएशनचं, आम्हाला काय त्याचं? हे अगदी आमच्या पहिल्या मजल्यासारखं झालं. ओहायोचा कायदा असोसिएशनला पुरेसा राखीव निधी ठेवायला सांगतो, इतका, की मोठ्या कामासाठी जादा पट्टी बसवावी लागू नये. पण सभासदांच्या बहुमताने ती अट दर वर्षी माफही करता येते, आणि लोक हौसेने करतात. २०२१ च्या जूनमध्ये फ्लोरिडात सर्फसाइडची इमारत कोसळून ९८ माणसं गेली. तिथे मोठ्या दुरुस्तीच्या खर्चावरून रहिवाशांत वाद चालू होते. त्यानंतर २०२२ साली फ्लोरिडाने आणि २०२४ च्या जानेवारीत न्यू जर्सीने नियम कडक केले. कॉन्डो घेताना ग्रॅनाइटच्या ओट्यावर हात फिरवण्याआधी त्यांचा रिझर्व्ह स्टडी मागा.

आता घरातली गोष्ट. २०२४ च्या वसंतात मुलीला बाहेरच्या राज्यातल्या, तिच्या मनातल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. आमच्या तयारीत आणि त्यांच्या फीमध्ये वर्षाला १४,००० चं अंतर. वहीच्या खात्यात २७,०००. आणि वहीत छपरापुढे मृत्यूचं वर्ष: २०२४.

सौ.चा मुद्दा साधा होता आणि मला अजूनही चुकीचा वाटत नाही. "छप्पर आज गळतंय का? नाही. पोरीची ॲडमिशन आज आहे का? हो." मी म्हटलं, हा पैसा आपला नाही. त्या म्हणाल्या, "आपला नाही तर कोणाचा? कुणी भरला?" दोन आठवडे घरात पोळ्या जरा जाडच होत होत्या. शेवटी रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला, मला वाटलं हे तरी माझ्या बाजूने बोलतील. बाबांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "त्या वहीत पोरीचं पान आहे का रे?" नव्हतं. तिचं शिक्षणाचं खातं वेगळं होतं, पण छपरासारखं तारीख-रक्कम मांडून नव्हतं. "गच्चीचे पैसे गच्चीलाच," बाबा म्हणाले, "पण सून बरोबर बोलतेय."

तिसरा मार्ग समोर होताच. दोन्ही बाजूंचं भाडं तोवर १,१५० झालं होतं आणि बाजारभाव १,३५० चा. नियमाप्रमाणे मुदत संपताना नोटीस दिली की झालं. दोघांवर दोनशे दोनशे वाढवले की वर्षाला ४,८००; फीच्या अंतराचा तिसरा हिस्सा तिथेच निघत होता. हे गणित मी केलं नाही असं नाही, दोनदा केलं. उजवीकडे दोघेही कमावणारे, त्यांना दोनशे वाढवले; त्यांनी कुरकुर न करता सही केली. डावीकडे नव्वदच. यावर सौ. म्हणाल्या, "आजी अजून आहेत म्हणून," आणि ते खरंच होतं.

छप्पर त्याच जूनमध्ये घातलं. १२,००० धरलेलं १७,४०० ला गेलं. मी दर वर्षी आकडे सुधारत आलो होतो तरी शेवटचे चौदाशे कमीच पडले. जुनी शिंगल्स काढल्यावर दोन ठिकाणी खालची फळी कुजलेली निघाली, बोट घातलं तर आत जाईल इतकी. मुलगी तिच्या मनातल्या युनिव्हर्सिटीतच गेली. दोन वर्षांचं अंतर कर्ज काढून भरलं, पैकी एक तिच्या नावावर आहे. तिने ते आनंदाने घेतलं असं मी म्हणणार नाही. थँक्सगिव्हिंगला घरी आली तेव्हा तिने वही उघडून बघितली आणि खाली नवी ओळ घातली: स्वतःचं नाव, रक्कम, आणि फिटायचं वर्ष. ते पान आता मी दर महिन्याला भरतो.

खात्यात सध्या अकरा हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे वहीप्रमाणे आठ हजार कमी. उजवीकडचं फर्नेस तेवीस वर्षांचं झालंय. ऑक्टोबरात जाऊन मी कान लावून येतो. डावीकडच्या वॉटर हीटरचं वहीतलं वर्ष २०२३ होतं. तो अजून पाणी तापवतो आहे, आणि त्याला मरायच्या आधी बदलायचं की मरू द्यायचं, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.